ट्रेमोलो ब्रिज हाताला सोयीचा करायचा असेल तर: आधी दुरुस्ती, मग बदली

स्ट्रॅटोकॅस्टर घाटाच्या गिटारबद्दल नवीन वाजवणाऱ्यांच्या तक्रारी साधारण चारच असतात. उजव्या तळहाताची कड ब्रिजवरच्या, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागावरच्या, स्क्रूंनी सोलवटते. पाम म्यूट करायला, म्हणजे तळहाताने तारा हलक्या दाबून आवाज बुजवायला गेलं की सूर चढतो. व्हॅमी बार (ब्रिज हलवून सूर वरखाली करायची दांडी) एकतर लुळा पडून राहतो, नाहीतर इतका कडक असतो की मनगट भरून येतं. आणि बार एकदा दाबला की गिटार पुन्हा सुरात येत नाही.

यावर पहिला विचार येतो तो नवा ब्रिज मागवायचा. मोठ्या शहरात गिटार दुकानात नेऊन भाग लावून बघता येतो. विदर्भात पुसद, आर्वी, अहेरी किंवा दर्यापूरकडच्या गावात तोच भाग कुरियरने येतो, आणि साडेतीन मिलिमीटरने चुकला की परत पाठवा, पुन्हा मागवा, तोवर गिटार उघडी पडलेली. म्हणून इथे आधी आहे तोच ब्रिज हाताला बरा करायचा, मग मापं घ्यायची, आणि तरीही गरज उरली तरच नवा घ्यायचा. बहुतेकांना नवा लागतच नाही.

हा ब्रिज हलतो कसा

१९५४ मध्ये फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकॅस्टर बाजारात आणली, तेव्हापासून या ब्रिजची मूळ रचना फारशी बदललेली नाही. वर एक प्लेट, तिच्यावर सहा सॅडल (एकेक तार टेकते ते छोटे तुकडे), खाली धातूचा ब्लॉक. प्लेटची नेककडची (दांड्याकडची) कड सहा स्क्रूंवर किंवा नव्या प्रकारात दोन खुंट्यांवर टेकलेली असते. तारा प्लेटला वरून नेककडे ओढतात. गिटारच्या पाठीमागच्या खाचेतल्या स्प्रिंगा ब्लॉकचं खालचं टोक नेककडे ओढतात. टेकू या दोन ओढींच्या मध्ये असल्यामुळे त्या एकमेकींच्या विरुद्ध पडतात आणि ब्रिज तराजूसारखा मधे तोलला जातो.

एवढं लक्षात ठेवलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. ९-४२ चा सेट (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) नेहमीच्या सुरात लावला की सहा तारांचा मिळून ताण साधारण ३८ किलो होतो. १०-४६ च्या सेटचा साधारण ४६ किलो. स्प्रिंगांना हात न लावता बारीक तारा काढून जाड चढवल्या तर आठ किलो ओढ एका बाजूला वाढते. ब्रिज मागून उचलला जातो, तारा फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून) वर जातात आणि गिटार अचानक अवघड वाटू लागते. ब्रिज खराब झालाय अशी समजूत होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

सामान

तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात बहुतेक सगळं मिळतं: १.५ मिमीची अ‍ॅलन की, दोन नंबरचा फुलीचा पेचकस, वर्निअर कॅलिपर (नसेल तर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलपट्टी), टेफ्लॉन टेप, ६०० नंबरचा पॉलिश पेपर, शिलाई मशीनचं तेल. शिवाय नवा तारांचा सेट आणि ट्युनर, मोबाइलमधला चालतो. अ‍ॅलन की मात्र चांगली घ्या. सायकलच्या किटमधल्या मऊ कीची कड गोल होते आणि जाताजाता स्क्रूचं भोकही गोल करून ठेवते. मग तो स्क्रू काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

काम सुरू करण्याआधी ब्रिजचे आणि मागच्या खाचेचे मोबाइलवर सरळ वरून फोटो काढून ठेवा.

तळहात टोचतो तेव्हा

प्रत्येक सॅडलला उंचीचे दोन बिनडोक्याचे बारीक स्क्रू असतात. दुकानात त्यांना ग्रब स्क्रू म्हणतात. आशियात बनलेल्या बहुतेक गिटारींवर ते एम३ मापाचे असतात आणि १.५ मिमीच्या कीने फिरतात. तुमची की आत जातच नसेल तर ब्रिज अमेरिकन मापाचा आहे, त्याला ०.०५० इंची की लागते आणि एम३ स्क्रू त्यात दोन आटे जाऊन अडकतो. जोर लावू नका, सॅडलचे आटे मरतात.

आता गिटार मांडीवर घ्या आणि तळहाताची करंगळीकडची कड जाड ई तारेच्या सॅडलवर टेकवा. जिथे टोचतं तिथे बघा: स्क्रू सॅडलच्या पाठीवर दोन-तीन मिलिमीटर वर आलेला दिसेल, आणि त्याच्या षटकोनी भोकाची कड ब्लेडसारखी असते. असं होतं कारण कारखान्यात अनेकदा बाराही जागी एकाच लांबीचे स्क्रू लावतात. फ्रेटबोर्डला गोलाई असते, त्यामुळे मधल्या चार तारांचे सॅडल वर राहतात आणि दोन्ही ई तारांचे खाली. सॅडल जितका खाली, तितका स्क्रू वर डोकावतो. म्हणूनच फेंडरच्या मूळ ब्रिजवर दोन्ही ई तारांना साधारण ८ मिमीचे आणि बाकीच्यांना साधारण ९.५ मिमीचे स्क्रू असतात.

आधी अ‍ॅक्शन बरोबर लावून घ्या (म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची; त्याची मापं पुढे आहेत), मग प्रत्येक स्क्रू किती वर आलाय ते कॅलिपरच्या मागच्या दांडीने मोजा. १० मिमीचा स्क्रू अडीच मिमी वर असेल तर ८ मिमीचा घ्या. तो अर्धा मिमी वर राहील, हाताला जाणवणार नाही. ६ चा घेण्याचा मोह टाळा. वाकवलेल्या पत्र्याच्या सॅडलची जाडी जेमतेम दोन मिमीच्या आसपास असते. ६ चा स्क्रू तिच्यात दीड मिमी बुडाला तर धरायला एखादाच आटा उरतो, आणि जोरात स्ट्रोक मारला की सॅडल एका बाजूला कलतो. ठोकळ्यासारखे जाड सॅडल असतील तर ही अडचण येत नाही. सर्वसाधारणपणे ८ मिमीचे सहा आणि १० मिमीचे आठ मागवले की काम भागतं आणि दोन शिल्लक राहतात. स्टेनलेसचेच मागवा. काळे स्क्रू घामाने आणि पावसाळ्याच्या दमट हवेने वर्षभरात गंजतात.

बदलताना एका वेळी एकच तार सैल करा. त्या सॅडलची प्लेटपासूनची उंची मोजून लिहून ठेवा, दोन्ही स्क्रू बदला, तीच उंची परत द्या, तार सुरात आणा, मग पुढची घ्या. सगळ्या तारा एकदम सोडल्या तर ब्रिजचा तोल जातो आणि अर्धा दिवस त्यातच जातो. जुना स्क्रू गंजून बसला असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. स्क्रू जागेवरच कानशीने घासायला जाऊ नका. लोखंडाचा कीस उडून थेट पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाच्या) चुंबकांना चिकटतो आणि तो निघता निघत नाही. घासायचाच असेल तर स्क्रू काढून, एम३ च्या नटमध्ये धरून, गिटारपासून लांब, आणि भोकाच्या नव्हे तर टोकाच्या बाजूने घासा.

सॅडलच्या पत्र्याच्या कडाही बोटाने चाचपून बघा. धार लागत असेल तर सॅडल काढून ६०० च्या पेपरवर चार-पाच हात मारा. जिथून तार वर येते त्या खाचेत बारीक कंगोरा असेल तर तोही इथेच मोडा. एकच तार सारखी सॅडलपाशीच तुटत असेल तर कारण हा कंगोरा असतो.

दुसरा उपाय थोडा वळणाचा आहे, पण काही गिटारींना तोच लागू पडतो. सॅडल अगदी तळाला टेकलेत, बाराही स्क्रू वर आलेत, तरी तारा उंचच आहेत, असं असेल तर दोष नेकच्या कोनात आहे. नेक बॉडीला ज्या खोबणीत बसतो, तिच्या ब्रिजकडच्या टोकाला लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची, साधारण पाव मिमी जाडीची पट्टी ठेवून नेक परत बसवा. पाव मिमीच्या पट्टीमुळे त्याच अ‍ॅक्शनसाठी सॅडल जवळजवळ एक मिमी वर घ्यावे लागतात, आणि स्क्रू तेवढे आत जातात. पट्टी खोबणीच्या पूर्ण रुंदीची, पण लांबीला एक सेंटिमीटरच ठेवा. नेकचे चार स्क्रू कर्णरेषेत आळीपाळीने आवळा.

तरंगता ठेवायचा की टेकवायचा

कारखान्याच्या मापाने फेंडरचा ब्रिज मागून ३.२ मिमी वर तरंगतो. त्यामुळे बार वर ओढून सूर चढवताही येतो. पण तळहात प्लेटच्या मागच्या भागावर पडला की प्लेट खाली दबते, तारा ताणल्या जातात आणि अख्खा कॉर्ड चढा वाजतो. पाम म्यूटची तक्रार इथून येते.

नवीन वाजवणाऱ्याने ब्रिज बॉडीवर टेकवून ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. बार खाली दाबता येतो, वर ओढता येत नाही, एवढाच तोटा. फायदा मोठा आहे. तळहात कसाही पडला तरी सूर हलत नाही, आणि कार्यक्रमात तार तुटली तरी बाकीच्या पाच सुरात राहतात. तरंगत्या ब्रिजवर एक तार तुटली की स्प्रिंगांची ओढ वरचढ होते आणि उरलेल्या सगळ्या तारा चढतात. भीमजयंतीच्या मंडपात किंवा झाडीपट्टीच्या नाटकाच्या रात्री दुसरी गिटार हाताशी नसते, तेव्हा हा फरक फार मोठा ठरतो.

टेकवण्यासाठी मागचं झाकण काढा. स्प्रिंगा ज्या पंजात अडकवलेल्या असतात तो क्लॉ दोन लांब स्क्रूंनी लाकडाला धरलेला असतो. दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळा, तारा सुरात आणा, प्लेट बघा. ती पूर्ण टेकली की परीक्षा घ्या: तिसरी, म्हणजे ‘जी’ (G) तार एक पूर्ण स्वर वर खेचा आणि त्याच वेळी मोकळी जाड ई तार ट्युनरवर वाजवा. ई उतरली तर प्लेट अजून उचलली जातेय. आणखी अर्धा फेरा. तीन स्प्रिंगांनी क्लॉ खूपच आत जायला लागला तर चौथी, पाचवी स्प्रिंग घाला.

बार अजिबात वापरायचा नसेल तर सुताराकडून वाळलेल्या सागवानाचा तुकडा आणा. आपल्याकडे सागवान कुठल्याही फर्निचरच्या कारखान्यात उरलेल्या तुकड्यांत मिळतं आणि हवेतल्या ओलीने फारसं फुगत नाही. ब्लॉक आणि खाचेची शेपटीकडची भिंत, म्हणजे पट्ट्याच्या बटणाकडची बाजू, यांमधली फट मोजा. बार दाबल्यावर ब्लॉक त्याच बाजूला सरकतो, त्यामुळे अटकाव तिथेच हवा. तुकडा एका टोकाला एक मिमी निमुळता करून अंगठ्याने दाबून घट्ट बसेल असा घाला. फेव्हिकॉल लावू नका. उद्या मन बदललं तर काढता यायला हवा.

तरीही ब्रिज तरंगताच हवा असेल तर ३.२ मिमी न ठेवता दीड मिमी ठेवा. हाताखाली बराच कमी हलतो आणि बारला वर जायला थोडी जागाही राहते. यासाठी दोन एटीएम कार्डं एकावर एक धरली की बरोबर दीड मिमी होतात. चिप नसलेली किंवा जुनी झालेली घ्या आणि प्लेटच्या मागच्या कडेखाली सरकवा. क्लॉ आवळून प्लेट कार्डांवर घट्ट बसू द्या, तारा सुरात आणा. आता क्लॉचे स्क्रू पाव-पाव फेरा सोडत जा आणि दर वेळी कार्डं ओढून बघा. जिथे ती जेमतेम सुटतात तिथे थांबा. कार्डं काढल्यावर सूर हलला नाही तर तोल जमला.

स्प्रिंगा किती

स्प्रिंगांची एकूण ओढ तारांच्या ताणाइतकीच असावी लागते. तीन लावा की पाच, तिथे फरक पडत नाही. फरक पडतो तो कडकपणात. पाच स्प्रिंगा असतील तर क्लॉ सैल ठेवावा लागतो, पण बार दाबायला जोर लागतो. तीन असतील तर क्लॉ आवळलेला असतो आणि बार मऊ चालतो. मनगट भरून येत असेल तर आधी मागचं झाकण उघडून मोजा. पाच असतील आणि तारा ९-४२ च्या असतील तर दोन काढा. मऊ बारची किंमत एकच: दोन तारा मिळून वाजवताना एक खेचली की न खेचलेली तार जास्त उतरते.

स्प्रिंग काढण्याआधी क्लॉ पाच-सहा फेरे सैल करा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. पक्कडीतून सुटलेली स्प्रिंग तोंडाच्या दिशेने उडते. आणि क्लॉला सोल्डर केलेली एक वायर असते, तिला धक्का लागू देऊ नका.

बार

बार लुळा पडत असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे आट्यांच्याच दिशेने द्या. नळाला गुंडाळतो तशी सात-आठ वेढ्यांची जाडी केली तर बार अर्ध्यातच अडकतो आणि जोर लावून फिरवला की ब्लॉकमध्ये मोडतो. मोडलेलं टोक काढायला लेथवाला शोधावा लागतो. बार हवा तिथे, म्हणजे करंगळीला सहज सापडेल असा व्हॉल्यूमच्या बटणाच्या वर, थांबला की पुरे.

हरवलेल्या बारच्या जागी नवा घेताना आटे बघा. अमेरिकन ब्रिजला १०-३२ हा इंची आटा लागतो, आशियाई ब्रिजला बहुधा ५ किंवा ६ मिमीचा. चुकीचा बार पहिले दोन फेरे जातो आणि मग ब्लॉकचे आटे कापतो. स्वस्त ब्लॉक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, ते एकदा कापले गेले की संपले.

नवा ब्रिज कधी आणि कोणत्या मापाचा

ब्लॉकमधले आटे गेले, सॅडलचे स्क्रू गंजून एकजीव झाले, प्लेटची टेकूची कड झिजली किंवा वाकली, तारा नेकच्या कडेवरून घसरतात: यांपैकी काही असेल तरच नवा घ्या. आणि मागवण्याआधी पाच मापं कागदावर लिहा.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: सहा स्क्रूंच्या ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या स्क्रूच्या मध्यबिंदूंमधलं अंतर. भोकाचा मध्य डोळ्याने धरता येत नाही, म्हणून पहिल्या भोकाच्या डाव्या कडेपासून सहाव्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. उत्तर तेच येतं. जुन्या अमेरिकन घाटाचं हे अंतर साधारण ५६ मिमी असतं, अनेक आशियाई गिटारींचं साधारण ५२.५. सुरुवातीला सांगितलेले साडेतीन मिलिमीटर ते हेच. फोटोत दोन्ही ब्रिज जुळ्या भावांसारखे दिसतात, त्यामुळे फोटो बघून मागवू नका. दोन खुंट्यांच्या ब्रिजवर खुंट्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा. ते बहुधा ५६ मिमीच्या आसपास असतं. ७४ मिमी भरलं तर तुमच्याकडे फ्लॉइड रोझ घाटाचा ब्रिज आहे आणि त्याला तशाच घाटाचा भाग लागेल.

दुसरं, सॅडलवर दोन्ही ई तारांमधलं अंतर. रुंद ब्रिज अरुंद नेकवर बसवला की शेवटच्या फ्रेटांवर बारीक ई तार कडेवरून निसटते. हल्लीच्या तारा आणि नेकची कड यांत किती जागा आहे ते बघा. तीनेक मिमी असेल तर आहे तेच अंतर ठेवा.

तिसरं, बॉडीची जाडी आणि ब्लॉकची खोली. पूर्ण जाडीची बॉडी ४४-४५ मिमीची असते, स्वस्त गिटारींची अनेकदा ४० च्या आसपास. जाड बॉडीसाठीचा लांब ब्लॉक पातळ बॉडीत घातला तर मागून बाहेर येतो, झाकण बसत नाही आणि वाजवताना पोटाला लागतो. जुना ब्लॉक प्लेटच्या खालच्या पृष्ठापासून टोकापर्यंत मोजा आणि तेवढाच किंवा थोडा कमी घ्या. चौथं, ब्लॉकची रुंदी आणि जाडी, कारण तो खाचेत मोकळा हलायला हवा. पाचवं, स्क्रूंच्या रांगेपासून सॅडलपर्यंतचं अंतर. ते फार वेगळं असेल तर इंटोनेशन (फ्रेट दाबल्यावरही सूर बरोबर येणं) जमायला सॅडलला जागाच उरत नाही.

विक्रेत्याच्या पानावर ही मापं दिलेली नसतील तर विचारा. उत्तर मिळत नसेल तर तिथून घेऊ नका.

बसवणं

तारा थोड्या थोड्या करून सगळ्या सैल करा, कापून एकदम मोकळ्या करू नका. क्लॉ सैल करून स्प्रिंगा काढा, मग पुढचे सहा स्क्रू. ब्रिज सरळ वर उचला. नवा ब्रिज स्क्रूंशिवाय नुसता ठेवून बघा: सहाही भोकं लाकडातल्या भोकांवर बरोबर आली पाहिजेत आणि ब्लॉक कुठेही घासता कामा नये. अर्धा मिमीही सरकलेलं असेल तर स्क्रू तिरके जातात, आणि तिरका स्क्रू प्लेटला अडकवून धरतो. बार दाबल्यावर सूर परत न येण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

जुनी भोकं सैल झाली असतील तर बांबूच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठासा, चोवीस तास वाळू द्या, मग अडीच ते पावणेतीन मिमीच्या बिटने नवं भोक पाडा. बिटवर चिकटपट्टीची खूण करून खोली ठरवा. स्क्रूच्या आट्यांवर साबण किंवा मेण घासा, नाहीतर कडक लाकडात डोकं तुटतं.

सहाही स्क्रू आधी प्लेटच्या वर साधारण दीड मिमी राहतील इतके घाला. मग दोन टोकांचे स्क्रू डोकं प्लेटला जेमतेम टेकेपर्यंत आवळा. मधले चार तसेच वर राहू द्या. ब्रिज दोन टोकांच्या स्क्रूंवर झुलतो, मधले फक्त जागा धरतात. सहाही घट्ट आवळले तर प्लेट मागून उचलते आणि अडते. दोन खुंट्यांचा ब्रिज असेल तर खुंट्यांची उंची तारा सैल असतानाच बदला. ताणाखाली फिरवलं की प्लेटची धारदार कड खुंटीवर घासून बोथट होते, आणि मग ट्युनिंग कधीच स्थिर राहत नाही.

सहा स्क्रूंच्या जागी दोन खुंट्यांचा ब्रिज बसवायचा विचार पहिल्या गिटारवर करू नका. जुनी भोकं बुजवून खुंट्यांसाठी मोठी भोकं अचूक काटकोनात पाडावी लागतात, त्याला उभं ड्रिल मशीन लागतं.

जुळवण्याचा क्रम

नव्या तारा लावा, त्या हाताने ओढून ताणून घ्या आणि पुन्हा सुरात आणा. ब्रिजवर एक तार ताणली की बाकीच्या उतरतात, त्यामुळे सहाही तारांवरून तीन-चार वेळा फिरावं लागतं. मग याच क्रमाने जा: आधी क्लॉने ब्रिजची पातळी, मग नेकचा बाक, मग अ‍ॅक्शन, शेवटी इंटोनेशन. क्रम मोडला तर शेवटचं काम पहिल्याने बिघडतं.

नेकचा बाक बघायला पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. पाव मिमी हवी. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. अ‍ॅक्शन सतराव्या फ्रेटवर १.६ मिमी ठेवा. जाड ई तार खडखडत असेल तर तिला २ पर्यंत वर घ्या. इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून वाजवलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्युनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, शेपटीकडे. उतरलेला असेल तर नेककडे.

हे सगळं करूनही सूर परत येत नसेल तर ब्रिज सोडा आणि दुसऱ्या टोकाचा नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, बघा. तार नटच्या खाचेत अडकत असेल तर सूर लावताना टिक असा आवाज येतो. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासा. स्प्रिंगांचा घुमल्यासारखा आवाज येत असेल तर त्यांच्याखाली स्पंजची पातळ पट्टी ठेवा.

ऊन, कूलर आणि पाऊस

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि हवा कोरडी असते. जूनच्या मध्यानंतर तीच हवा दमट होते. लाकूड दोन्ही वेळा हलतं. त्यामुळे उन्हाळ्यात लावलेली अ‍ॅक्शन पावसाळ्यात बदललेली आढळली तर ब्रिजच्या स्क्रूंना हात लावण्याआधी नेकचा बाक मोजा. मोठं काम, म्हणजे नवा ब्रिज किंवा नेकखालची पट्टी, शक्यतो पाऊस स्थिरावल्यावर किंवा दिवाळीनंतर काढा.

गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका. पाण्याची ओली हवा दुपारभर ब्रिजवर येते, रात्री कूलर बंद झाला की खोली पुन्हा कोरडी, आणि सॅडलचे स्क्रू एका उन्हाळ्यात गंजतात. टिनाच्या छपराखाली भिंतीला टांगलेली गिटारही दुपारी तापते. ती केसमध्ये घालून आतल्या खोलीत जमिनीलगत ठेवा. वाजवून झाल्यावर ब्रिज कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि महिन्यातून एकदा स्क्रूंवर तेलाचं बोट फिरवा. तेल लाकडावर जाऊ देऊ नका.

शेवटी वायर आणि अर्थिंग

झाकण लावण्याआधी क्लॉची वायर तपासा. अ‍ॅम्प चालू करून तारांना हात लावा. हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर वायर शाबूत आहे. काहीच फरक पडला नाही तर ती तुटलेली असू शकते. मोबाइल दुरुस्त करणारा पाच मिनिटांत सोल्डर करून देईल, फक्त क्लॉ जाड धातूचा असल्यामुळे जास्त वॅटची, नीट तापणारी सोल्डरिंग गन लागेल हे त्याला आधी सांगा.

याच वायरमुळे ब्रिज आणि तारा अ‍ॅम्पच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. घरात किंवा मंडपात अर्थिंग नसेल आणि अ‍ॅम्पमध्ये बिघाड असेल तर करंट थेट तुमच्या हातापर्यंत येऊ शकतो. नव्या जागी वाजवण्याआधी ब्रिजला टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर प्लग उलटा करून किंवा पिन काढून काम चालवू नका. अ‍ॅम्प बंद करा, अर्थ असलेला बोर्ड मागा, आणि तोवर माइकलाही तोंड लावू नका, कारण गिटार आणि माइक वेगवेगळ्या बोर्डांवर असतील तर धक्का ओठांना बसतो.